पाणअस्वल: भिंतीवर शोधा, सुकवा आणि पुन्हा जागं करा

मे महिन्यात कंपाउंडच्या भिंतीवरचं मॉस पाहिलंत तर ते मेलंय असंच वाटतं. तपकिरी, करपलेलं, नखानं खरवडलं तर भुगा होणारं. असाच चिमूटभर भुगा एकदा संध्याकाळी बशीत पाणी घालून भिजत ठेवला आणि रात्री जेवणं झाल्यावर मायक्रोस्कोपखाली घेतला. शेजारी भाची उभी होती. आयपीसला डोळा लावून ती बराच वेळ गप्प होती, मग हळूच म्हणाली, "मामा, ह्याला नखं आहेत." मी पाहिलं. वाळूच्या एका कणाला आठ पायांनी धरून, गुबगुबीत अंग ओढत एक जीव वर चढत होता. दोन-तीन महिने तो त्या तापलेल्या भिंतीवर कोरडा ठणठणीत पडून होता आणि आता चालत होता.

हा टार्डिग्रेड. जर्मन पाद्री योहान गोएत्झे यांनी १७७३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा त्याला 'छोटं पाणअस्वल' म्हटलं. मराठीत पाणमांजर आहे, पाणकोंबडी आहे, तेव्हा पाणअस्वल हा शब्द आपल्याकडे सहज बसतो. 'टार्डिग्रेड', म्हणजे हळू चालणारा, हे नाव थोड्याच वर्षांनी इटलीच्या लाझारो स्पलान्झानी यांच्याकडून आलं.

या प्राण्याबद्दल फिरणारे व्हिडिओ त्याला 'अमर' म्हणतात, 'उकळत्या पाण्यात जगणारा' म्हणतात, 'अवकाशात राहणारा' म्हणतात. मला हे मनापासून खटकतं, कारण खरी गोष्ट याहून सुंदर आहे. ओलं असताना पाणअस्वल चांगलंच नाजूक असतं. त्याचं सगळं कसब सुकण्यात आहे. अवकाशात ते जगत नाही, थांबून राहतं. आणि ते थांबणं तुम्हाला तुमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बघता येतं. ते कसं करायचं, ते पुढे सविस्तर सांगतो.

काय काय लागेल

शाळेत असतो तसला साधा मायक्रोस्कोप पुरतो. ४ पटीचं ऑब्जेक्टिव्ह आणि १० पटीचा आयपीस मिळून ४० पट मोठं दिसतं आणि शोधायला तेवढंच हवं. पाणअस्वल साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे वाळूच्या बारीक कणाएवढं. बशी पूर्ण ठेवून बघता येणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप मिळाला तर काम फारच सोपं होतं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तो असतो, विचारून पाहा. मनु प्रकाश यांचा कागदी फोल्डस्कोपही चालतो. तो १४० पट मोठं दाखवतो, पण एका वेळी फार थोडी जागा दिसते. त्यामुळे शोधायला तो त्रासदायक आणि सापडल्यावर निरखायला छान.

बाकी किरकोळ: दोन-तीन काचेच्या उथळ बश्या, ड्रॉपर, स्लाइड, कागदी पाकिटं, पेन्सिल, वही. पाणी पावसाचं किंवा बाटलीतलं घ्या. नळाचं घेणार असाल तर रात्रभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन बरंचसं उडून जातं. मायक्रोस्कोपला आरसा असेल तर तो थेट सूर्याकडे कधीही वळवू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. खिडकीतला उजेड किंवा टेबललॅम्प पुरे.

मॉस कुठून घ्यायचं

इथेच बहुतेकांची चूक होते. बोलताना आपण सगळ्या हिरव्याला शेवाळ म्हणतो. पण मोरीजवळ, टाकीच्या कडेला जे बुळबुळीत हिरवं असतं ते खरं शेवाळ, ते नको. आपल्याला हवं ते मॉस: भिंतीवर, दगडावर, कौलांवर, झाडाच्या बुंध्यावर वाढणारी मखमलीसारखी गादी. जवळून पाहिलं तर तिच्यात इवलाली खोडं आणि पानं दिसतात.

त्यातही जागा निवडायची ती अशी, की जी पावसात भिजते आणि ऊन पडलं की कोरडी होते. कायम ओली राहणारी जागा मला कधी फारशी फळली नाही. भिजणं आणि सुकणं ज्यांच्या नशिबी रोजचं आहे, त्याच वस्तीतली पाणअस्वलं सुकण्यात तरबेज असतात. तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या जाती सुकणं तितकं सहन करत नाहीत. म्हणून जुनी विटांची भिंत, गच्चीचा कठडा, आंब्याचा बुंधा या जागा आधी पाहा. झाडाच्या सालीवरचं राखाडी लायकेनही घ्यायला हरकत नाही. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे लायकेनच, त्यामुळे ओळखायला अडचण पडू नये.

रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा भरपूर झाला. चाकूनं अलगद उचला, खालची थोडी माती येऊ द्या. कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून मॉस कुजतं. पाकिटावर जागा, तारीख, भिंत की झाड, ऊन की सावली, हे लगेच लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की पाकिटं एकमेकांत मिसळतात. किल्ल्यावरचं, लेण्यांतलं किंवा अभयारण्यातलं मॉस काढू नका. त्याची गरजही नाही, तुमच्या सोसायटीची भिंत पुरेशी आहे.

निदान पाच वेगवेगळ्या जागांचे तुकडे आणा. एका तुकड्यात वीस सापडतात, तर दुसऱ्यात एकही नाही. पहिल्याच रिकाम्या बशीला बघून सोडून देणारे लोक मी पाहिलेत, म्हणून हा आकडा आग्रहानं सांगतो.

भिजवणं आणि शोधणं

तुकडा बशीत उलटा ठेवा, हिरवी बाजू खाली. बुडेल इतकं पाणी घाला आणि चार तास ते रात्रभर राहू द्या. मग तुकडा बोटांत धरून त्याच बशीत हलकेच पिळा, दोन-तीनदा हापटा आणि बाजूला काढा. दहा मिनिटांत गाळ खाली बसतो. पाणअस्वलाला पोहता येत नाही, त्यामुळे ते या गाळातच असतं. वरचं पाणी पाहण्यात वेळ घालवू नका. ड्रॉपरनं तळाचा गाळ घ्या आणि पातळ थर होईल असा स्लाइडवर किंवा छोट्या बशीत सोडा.

आता कमी पटीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेत नांगरल्यासारखं ओळीनं बघत जा. उजेड खालून पूर्ण न सोडता थोडा तिरका द्या आणि पार्श्वभूमी काळसर ठेवा. पारदर्शक अंगाच्या कडा मग चमकतात.

आधी दुसरीच मंडळी दिसतील. चाबकासारखे वळवळणारे दोरे हे सूत्रकृमी. जळूसारखे लांब-आखूड होत जाणारे, डोक्यावर दोन चाकं फिरल्यासारखी दिसणारे ते रोटिफर. सुसाट धावणारे ठिपके एकपेशीय जीव. आठ पायांचा पण टणक कवचाचा, तुरुतुरु पळणारा दिसला तर तो माइट. पाणअस्वल या सगळ्यांत वेगळं ओळखू येतं ते चालीमुळे: पुढचे तीन जोड पाय हवेत चाचपडतात, मागचा चौथा जोड मातीचा कण घट्ट धरून असतो. एका बशीला किमान अर्धा तास द्या. डोळा एकदा सरावला की पुढच्या बशीत दोन मिनिटांत सापडतं.

सापडलं की ड्रॉपरनं ते स्वच्छ पाण्याच्या थेंबात हलवा आणि १०० पटीवर पाहा. प्रत्येक पायाच्या टोकाला नख्या दिसतील. तोंडाशी दोन सुया असतात. त्यांनी ते मॉसची किंवा शेवाळाची पेशी भोसकतं आणि आतला रस ओढतं. पोटातला हिरवा रंग त्याचाच. काही जाती शिकारी असतात. मिल्नेसियम ही त्यांतली नावाजलेली, ती रोटिफर गिळते. हे सगळं साधारण हजारभर पेशींच्या शरीरात चालतं, आणि शरीर काचेसारखं असल्यामुळे आतलं अन्न पुढेमागे होताना दिसतं. नशीब चांगलं असेल तर एक गोष्ट नक्की शोधा: टाकलेली कात आणि तिच्यात ओळीनं ठेवलेली अंडी. बऱ्याच जाती कात टाकतानाच तिच्यात अंडी घालतात. रिकाम्या नख्यांसकट ती पारदर्शक कात आणि आत चार-पाच गोळे हे दृश्य मी आजवर मोजून तीनदा पाहिलंय.

एक इशारा. ओल्या पाणअस्वलाला उकाडा मानवत नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'रॅमाझोटियस व्हेरिऑर्नाटस' या जातीवर मोजून पाहिलं: पाण्यात असताना ३७ अंश सेल्सिअसच्या जरा वर २४ तास ठेवलं तर निम्मी मरतात. सुकलेल्या अवस्थेत मात्र निम्मी मरायला तासभर सुमारे ८३ अंश लागतात. म्हणून उन्हाळ्यात बशी खिडकीत ठेवू नका. नागपूर-अकोल्याकडे असाल तर सरळ माठाशेजारी, गार जागी ठेवा.

सुकवणं: सगळ्यात नाजूक पायरी

सुरुवातीला मी घाई केली होती. स्लाइडवर सहा पाणअस्वलं एका थेंबात घेतली आणि पंखा लावला. दहा मिनिटांत थेंब आटला. दुसऱ्या दिवशी पाणी घातलं, दिवसभर वाट पाहिली. एकही हललं नाही. आडवी पसरलेली, पाय ताणलेली सहा शरीरं तशीच पडून होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्यातूनच या प्राण्याचं मर्म कळलं.

सुकायला त्याला वेळ लागतो. हवा कोरडी होऊ लागली की ते आठही पाय आत ओढतं, डोकं आत घेतं, अंगाच्या वळ्या आवळतं आणि लहानशा पिपासारखं होतं. या अवस्थेला 'टन' म्हणतात. वजनाच्या टनाशी त्याचा संबंध नाही, हा शब्द दारूच्या लाकडी पिपाचा आहे. शरीरातलं पाणी ८५ टक्क्यांच्या आसपास असतं, ते दोन-तीन टक्क्यांवर येतं. चयापचय नेहमीच्या शंभराव्या भागाच्याही शंभराव्या भागाखाली जातो. पाणी जाताना पेशीतली प्रथिनं एकमेकांना चिकटून निकामी होऊ नयेत म्हणून पाणअस्वल स्वतःची खास प्रथिनं वापरतं. ती पाणी कमी झालं की जेलीसारखी दाट होऊन नाजूक भागांना आधार देतात. काही जातींमध्ये ती आधीपासून तयार असतात, तर काहींना धोक्याची चाहूल लागल्यावर बनवावी लागतात. पंख्याखाली दहा मिनिटांत ते होत नाही.

म्हणून असं करा. छोट्या बशीच्या तळाशी गाळणकागदाचा तुकडा ठेवा. त्यावर धुतलेल्या वाळूचे चार कण आणि मॉसची दोन-तीन पानं टाका, पाय धरायला आधार लागतो. पाणअस्वलं मोजून त्यावर एका थेंबासह सोडा आणि संख्या वहीत लिहा. बशीवर झाकण ठेवा, पण काडेपेटीची काडी अडकवून बारीक फट सोडा. एक-दोन दिवसांत ते हळूहळू सुकलं पाहिजे. पावसाळ्यात कोकणात चार दिवसही लागतील, लागू द्या. मधून मधून पाहा. पाय आत जाताना दिसले तर तासभर तिथून उठू नका, असं माझं प्रेमाचं सांगणं आहे.

पूर्ण सुकल्यावर पाकिटात घालून आठवडाभर अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. मग दोन थेंब पाणी. आधी पीप फुगतं, पारदर्शक होतं. मग एखादा मागचा पाय बाहेर येतो. काहींना दहा मिनिटं लागतात, काहींना काही तास. जितकं जास्त दिवस सुकलेलं, तितकं उठायला उशीर. २४ तासांनी पुन्हा मोजा. किती ठेवली, किती उठली, किती चालू लागली, हे तीन आकडे वेगळे लिहा. नुसतं फुगलेलं जिवंत धरू नका.

पुढची परीक्षा हवी असेल तर सुकलेल्या मॉसचे दोन समान भाग करा. एक भाग कपाटात आणि एक डीप फ्रीजरमध्ये, महिनाभर. दोन्ही एकाच दिवशी भिजवा आणि तुलना करा. कपाटातला भाग ठेवायला विसरू नका. तो नसेल तर फ्रीजरमधली मेली ती थंडीनं की तुमच्या सुकवण्यानं, हे कधीच कळणार नाही. जपानच्या ध्रुवीय संशोधन संस्थेनं अंटार्क्टिकातून १९८३ मध्ये आणलेलं मॉस उणे २० अंशांत ठेवलं होतं. ते ३० वर्षांहून अधिक काळानं, २०१४ मध्ये भिजवल्यावर त्यातली पाणअस्वलं चालू लागली, आणि त्यांतल्या एकानं घातलेल्या १९ अंड्यांतून १४ पिल्लं बाहेर आली. संग्रहालयातल्या १२० वर्षांच्या मॉसमधली पाणअस्वलं जिवंत झाली, ही गोष्ट मात्र सांगू नका. १९४८ च्या त्या निरीक्षणात एका प्राण्याचा पाय थोडा थरथरला, एवढंच दिसलं होतं.

तुमचा प्रयोग आणि अवकाशातला

आता तुम्ही जे केलं तेच सप्टेंबर २००७ मध्ये 'फोटॉन-एम३' या यानातून केलं गेलं. स्वीडनचे इंगेमार यॉन्सन आणि सहकाऱ्यांनी दोन जातींची पाणअस्वलं सुकवली, डब्यात भरली आणि पृथ्वीपासून सुमारे २७० किलोमीटरवर दहा दिवस उघड्या अवकाशात ठेवली. काहींना फक्त निर्वात पोकळी, काहींना पोकळी आणि सूर्याचे अतिनील किरण, आणि काही जमिनीवरच, तुमच्या कपाटातल्या भागासारखी. परत आल्यावर पाणी घातलं आणि मोजलं.

नुसत्या पोकळीनं त्यांचं फारसं बिघडलं नाही. तुम्ही पीप होताना पाहिलंय, त्यामुळे हे कोडं राहणार नाही. पोकळीत जीव जातो तो मुख्यतः शरीरातलं पाणी निघून गेल्यामुळे, आणि या प्राण्यानं ते आधीच, आपणहून, शिस्तीत काढून टाकलेलं असतं. भिंतीवर वाळायची जी तयारी, तीच पोकळीत कामी आली. उन्हानं मात्र हाहाकार केला. आपल्या डोक्यावर ओझोनचा थर अतिनील किरणांचा सर्वांत घातक भाग अडवतो. तिथे अडवणारं काही नव्हतं. पोकळी आणि पूर्ण अतिनील किरण एकत्र सोसून वाचली ती अगदी मोजकी.

किरणांशी झुंजायची युक्तीही सुकण्याशी जोडलेली आहे. 'डीसप' नावाचं प्रथिन टोकियो विद्यापीठातल्या ताकेकाझु कुनिएदा यांच्या गटानं शोधलं आणि २०१६ मध्ये मांडलं. ते डीएनएला बिलगून राहतं. माणसाच्या पेशींमध्ये ते घातलं तेव्हा क्ष-किरणांनी होणारी डीएनएची मोडतोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. सुकताना आणि पुन्हा भिजतानाही डीएनए तुटतो; तो सांभाळणं आणि सांधणं या प्राण्याला वारंवार करावं लागतं.

भारतातली गोष्ट यातली मला सर्वांत लाडकी. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या भिंतीवरच्या मॉसमध्ये संदीप ईश्वरप्पा यांच्या गटाला पॅरामॅक्रोबायोटस या प्रजातीतलं तांबूस तपकिरी पाणअस्वल मिळालं. अतिनील दिव्याखाली ते निळं चमकतं. म्हणजे घातक किरण शोषून निरुपद्रवी उजेडात बदलतं. जंतू मारायच्या दिव्याची पंधरा मिनिटांची मात्रा दिल्यावर दुसरी जात दिवसभरात मेली, हे महिनाभर जगलं. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. दक्षिणेतल्या कडक उन्हात भिंतीवर राहणाऱ्याला ही छत्री लागणारच. आणि जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले, तेव्हा इस्रोच्या प्रयोगांमध्ये पाणअस्वलंही होती: ती तिथे कशी जागी होतात, जगतात, अंडी घालतात, हे पाहण्यासाठी. ही स्थानकाच्या आत होती, बाहेर नाही. बातमी वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

चंद्राबद्दल हमखास विचारलं जातं. इस्रायलचं 'बेरेशीट' यान ११ एप्रिल २०१९ रोजी चंद्रावर आदळलं, त्यात सुकलेली पाणअस्वलं होती. पुढे २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये गोठवलेली पाणअस्वलं बंदुकीतून वाळूवर झाडून पाहिली. सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगापर्यंत ती वाचली, त्यापुढे चिंधड्या झाल्या. आदळण्याचा दाब पाहता बेरेशीटमधली वाचली असण्याची आशा फार कमी आहे. एखादं पीप शाबूत असलं तरी त्याला उठवायला पाणी कोण घालणार? चंद्रावर पाणअस्वलांची वस्ती झाली, असं कुणी म्हणालं तर त्याला तुमची सुकी बशी दाखवा.

काम झाल्यावर

पाणअस्वलं घरात पाळणं अवघड आहे. कुणाला शेवाळ लागतं, कुणाला जिवंत रोटिफर. नवशिक्यानं त्या फंदात पडू नये. मोजणी झाली की बशीतलं पाणी आणि गाळ मॉसवर ओता, मॉसचा तुकडा जिथून काढला त्याच फटीत दाबून बसवा आणि हात साबणानं धुवा. वहीत जागेची खूण करून ठेवा. मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याच जागेवरून पुन्हा चिमूटभर घ्या आणि या वेळी भिजवायची वाट न बघता लगेच स्लाइडवर ठेवा.